पेलाभर रसावर भिस्त नको

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ४७ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचं तेव्हाच कळलं आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी सुरू झाली. रक्तदाबाची गोळी आधीपासून होतीच. पुढच्या काही महिन्यांत थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. वडील जन्मभर पानातली भाजी बाजूला सारणारे, बहीण मात्र लहानपणापासून भाज्या-फळं आवडीनं खाणारी. "दोघंही आजारी पडलेच ना? मग खाण्याचा उपयोग काय?" असं नवरा विचारतो. तो रोज सिगारेट ओढतो आणि भरपाई म्हणून अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घेतो. बाई रोज सकाळी पालक, बीट, गाजर आणि सफरचंद यांचा रस काढून, गाळून घरातल्या सगळ्यांना पेलाभर देतात, वडिलांनाही. मुलं रस पितात, पण भाजीला हात लावत नाहीत. भाज्या-फळांनी आजार खरंच टळतात का, किती खायची, कच्ची की शिजवून, रस आणि कॅप्सूल चालू ठेवायची का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी एक ओळ आहे: "वडिलांना मी आधीच नीट खायला घातलं असतं तर हे टळलं असतं का?"

उत्तर

ताई, बाकीचे प्रश्न सावकाश घेऊ. वडिलांच्या रसाचं मात्र आधी, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

रक्त गोठवणारे काही घटक तयार करायला यकृताला 'के' जीवनसत्त्व लागतं आणि वॉरफरिन नेमकं त्याच्याच वापरात अडथळा आणतं. पालक तर 'के' जीवनसत्त्वाचं कोठार. ९० ग्रॅम शिजलेल्या पालकात ते साधारण ४४० मायक्रोग्रॅम असतं. प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० मायक्रोग्रॅम पुरतं. आज जुडी मोठी, उद्या लहान, परवा पालक मिळालाच नाही, असं झालं की गोळी तेवढीच राहते आणि तिचा परिणाम मात्र वरखाली होतो. 'के' वाढलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) उतरतो आणि गुठळीचा धोका वाढतो, म्हणजे ज्याच्यासाठी गोळी चालू आहे तोच. रोजचा रस एकाएकी थांबवला तर आयएनआर चढतो आणि भीती रक्तस्रावाची: हिरड्यांतून, लघवीतून, क्वचित मेंदूतसुद्धा. म्हणून घाबरून आजपासून रस बंद, असंही करू नका. डॉक्टरांना फोन करा. रस कधीपासून आणि साधारण किती चालू आहे ते सांगा, आयएनआर तपासून घ्या आणि रसाऐवजी पानात भाजी आणण्याचा बदल पुढच्या तपासणीची तारीख ठरवूनच करा. ठोक्यांच्या अशा विकारात आयएनआर बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात.

यातून पालेभाजीच वर्ज्य, असा निष्कर्ष बरीच घरं काढतात. तो चुकीचा आहे. पालेभाजी अजिबात न खाणाऱ्याचा आयएनआर एखाद्या दिवशी ती थोडीशी खाल्ली तरी हेलकावतो. रोज थोडी आणि रोज साधारण तेवढीच, हे वॉरफरिन घेणाऱ्याचं खरं पथ्य.

त्याच फोनवर रक्तदाबाच्या गोळीचं नावही वाचून दाखवा. काही गोळ्या शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात. त्यात मूत्रपिंड थोडं मंदावलेलं असेल तर पालक आणि बीटच्या रसातलं पोटॅशियम रक्तात चढून हृदयाची लय बिघडवू शकतं. म्हणून वडिलांच्या वयात आयएनआरबरोबरच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमही तपासून घ्या. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिन चालू असेल तर ग्रेपफ्रूटबद्दलही विचारा. ते फळ आतड्यातलं, औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतं आणि नेहमीच्याच गोळीची मात्रा रक्तात वाढते.

आता तुमच्या पत्राची शेवटची ओळ. टळलं असतं का, याचं उत्तर एका माणसापुरतं कुणालाच देता येत नाही, आणि ही नुसती समजूत घालण्याची भाषा नाही. तुमच्या नवऱ्याचा टोमणा आणि तुमची खंत दोन्ही एकाच गृहीतकावर उभ्या आहेत: नीट खाल्लं की आजार येत नाही, आणि आजार आला म्हणजे खाण्यात चूक झाली. भाज्या-फळांबद्दल जे काही ठामपणे माहीत आहे ते हजारो माणसांच्या गटांबद्दल आहे. समजा, एका वयोगटातल्या १०० जणांपैकी १० जणांना पुढच्या काही वर्षांत पक्षाघात होणार आहे. रोज पुरेशा भाज्या-फळं खाल्ल्यानं धोका एक पंचमांशानं घटला तर ते ८ होतील. दोघं वाचले. ते दोघं कोण हे कधीच कळत नाही. उरलेल्या ८ जणांतही भरपूर भाजी खाणारे असतीलच. तुमची बहीण कर्करोगाच्या बाबतीत तशीच. आणि भाजीला न शिवता ज्यांना काही झालं नाही अशी ९० माणसं नवऱ्याला दाखवता येतील. त्याचं निरीक्षण खोटं नाही, पण दोन माणसांवरून धोका मोजता येत नाही.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ठोके अनियमित असले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि तीच मेंदूत जाऊन अडकते. वय, उंच रक्तदाब, वजन, झोपेतले श्वासाचे विकार अशी या विकाराची बरीच कारणं आहेत. रक्तदाबाच्या वाटेनं आहाराचा त्यात काही वाटा आहे, पण साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या एका धाग्याची जबाबदारी मुलीनं आपल्या डोक्यावर घ्यावी असा तो नाही.

मग उपयोग किती? हे आकडे नवऱ्यालाही वाचून दाखवा, कारण ते त्याच्या 'काहीच उपयोग नाही' आणि तुमच्या 'सगळं टळेल' या दोहोंच्या मधे पडतात. २०१७ साली ९५ अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. भाज्या-फळं जवळजवळ न खाणाऱ्यांच्या तुलनेत रोज २०० ग्रॅम खाणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी कमी आढळला, हृदयविकाराचा १६ टक्क्यांनी, आणि सगळे कर्करोग मिळून फक्त ४ टक्क्यांनी. रोज ८०० ग्रॅमपर्यंत गेलं तर पक्षाघातासाठी हा आकडा ३३ टक्के, कर्करोगासाठी १३. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, शून्यावरून २०० ग्रॅमवर येण्याचा फायदा सगळ्यात मोठा, नंतरची वाढ मंद. तुमच्या घरात भाजी न खाणाऱ्यांना थोडं खायला लावणं हे आधीच भरपूर खाणाऱ्याच्या पानात आणखी वाढण्यापेक्षा कितीतरी मोलाचं. दुसरी, फायदा मुख्यतः हृदय आणि रक्तवाहिन्यांचा आहे. कर्करोगाच्या बाबतीत तो लहान आहे.

१९९०च्या दशकात चित्र वेगळं मांडलं जात होतं. कर्करोग झालेल्यांना आणि न झालेल्यांना "तुम्ही पूर्वी काय खात होता?" असं विचारून केलेले अभ्यास तेव्हा बरेच होते. आजार झालेला माणूस आपल्या जुन्या खाण्यात चुका शोधत आठवतो, त्यामुळे फरक फुगून दिसला. निरोगी माणसांचं खाणं आधी नोंदवून मग वर्षानुवर्षं वाट पाहणारे अभ्यास आले तसा तो आक्रसला. युरोपातल्या १० देशांत सुमारे पाच लाख लोकांवर चाललेल्या एपिक अभ्यासात २०१० साली हा संबंध अगदी क्षीण निघाला. मोठ्या आतड्याचा कर्करोग थोडा वेगळा: तिथे चोथायुक्त अन्नाचा आधार बऱ्यापैकी भक्कम मानला जातो. स्तनाच्या कर्करोगात वय, जनुकं, पाळी कधी सुरू झाली आणि कधी थांबली, मद्यपान यांचं वजन भाजीपेक्षा बरंच जास्त. बहिणीनं जे खाल्लं ते वाया गेलेलं नाही. तिच्या रक्तवाहिन्यांना त्याचा उपयोग झालाच असणार.

एक शंका रास्त आहे. भाज्या-फळं भरपूर खाणारे लोक सहसा सिगारेट कमी ओढतात, चालतात जास्त, डॉक्टरांकडे वेळेवर जातात. मग श्रेय कुणाचं? संशोधक हिशेबात या गोष्टी वजा करतात, पण पूर्ण वजा होत नाहीत. म्हणूनच रक्तदाबाचा पुरावा महत्त्वाचा ठरतो, कारण तो प्रत्यक्ष प्रयोगातून आला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅश या अमेरिकी प्रयोगात ४५९ जणांना आठ आठवडे ठरवून दिलेलं जेवण दिलं. मीठ आणि वजन जवळपास तेच ठेवून नुसत्या भाज्या-फळं वाढवल्यावर वरचा रक्तदाब सरासरी २.८ अंकांनी उतरला. त्याच्या जोडीला कमी चरबीचे दुधाचे पदार्थ आणले आणि एकूण चरबी घटवली तेव्हा ५.५ अंकांनी, ज्यांचा रक्तदाब मुळातच वाढलेला होता त्यांच्यात ११.४ अंकांनी. एका गोळीच्या तोडीचा हा उतार आहे. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं सुटतील असं मात्र समजू नका; कमी करायच्या की नाही ते डॉक्टर मोजून ठरवतील.

हे होतं कसं, तेही पाहू, कारण रस आणि कॅप्सूल कुठे कमी पडतात ते त्यातूनच कळतं. भाज्या-फळांतलं पोटॅशियम मूत्रपिंडाला जास्त सोडियम बाहेर टाकायला लावतं. पालक, बीट यांसारख्या भाज्यांतलं नायट्रेट लाळेत उतरतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. (जंतुनाशक माउथवॉशनं रोज चुळा भरणारे ही साखळी जिभेवरच तोडतात.) पाण्यात विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, ती पुन्हा तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. उरलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं, जे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. आणि सगळ्यात साधं, पण विसरलं जाणारं कारण म्हणजे जागा. ४०० ग्रॅम बहुतेक भाज्यांत मिळून शंभर-दीडशे कॅलरी असतात, तरी त्या पोट भरतात, आणि तळलेलं, गोड, खारट तेवढं कमी खाल्लं जातं. नेहमीचं सगळं तेवढंच ठेवून वर भाजी वाढली तर हा वाटा हातचा जातो.

नवऱ्याच्या कॅप्सूलबद्दल स्पष्टच लिहायला हवं. डबीवर बीटा-कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारा घटक) आहे का ते पाहा, आणि असेल तर ती त्यानं आजच थांबवावी. भाज्या खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त आणि त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी, हे दिसल्यावर तोच पदार्थ गोळीतून द्यावा असं वाटणं साहजिक होतं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर हे करून पाहिलं. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. हे १९९४ साली कळलं. अमेरिकेतल्या कॅरेट प्रयोगात ३० मिलिग्रॅमच्या जोडीला 'ए' जीवनसत्त्व होतं. तिथे वाढ २८ टक्क्यांची निघाली आणि १९९६ साली प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचंही २०११ साली सिलेक्ट प्रयोगातून पुढे आलं. गाजरातलं कॅरोटीन धोक्याचं नाही. ते थोडं असतं, चोथ्याबरोबर आणि इतर शेकडो घटकांबरोबर येतं, हळूहळू शोषलं जातं. एकच घटक वेगळा काढून कित्येक पटींनी दिला की त्याचं वागणं बदलतं, आणि सिगारेटच्या धुरानं माखलेल्या फुप्फुसात तर जास्तच.

राहिली भरपाई. सिगारेटची भरपाई कुठल्याही फळानं होत नाही. नवऱ्याला भाजी खाऊ घालण्यात तुमची जी शक्ती जाते तिचा मोठा भाग सिगारेट सोडवण्याकडे वळवा. निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम, डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि समुपदेशन एकत्र वापरली तर नुसत्या निश्चयापेक्षा यश बरंच जास्त येतं.

गोळ्या सगळ्याच टाकाऊ असं नाही. गर्भधारणेची तयारी करणाऱ्या स्त्रीनं दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतलंच पाहिजे. बाळाच्या पाठीच्या कण्यातल्या दोषाचा धोका त्यानं बराच घटतो, आणि नुसत्या पालेभाज्यांवर तिथे विसंबू नये. दूध, अंडी, मांस यातलं काहीच न खाणाऱ्याला बी-१२ गोळीतूनच घ्यावं लागतं, कारण ते भाज्या-फळांत नसतं. उणीव मोजून दिलेली गोळी आणि जाहिरात वाचून घेतलेली कॅप्सूल यात एवढा फरक आहे.

रसाकडे परत येऊ. तुम्ही तो गाळता, म्हणजे चोथा टाकून देता: कोलेस्टेरॉल उतरवणारा, ब्युटिरेट देणारा आणि पोट भरल्याची जाणीव देणारा भाग गाळणीतच राहतो. पेल्यात उतरते ती साखर, पोटॅशियम, काही जीवनसत्त्वं आणि मुतखड्याला कारण होऊ शकणारं ऑक्झॅलेट. १९७७ साली एका प्रयोगात तीच सफरचंदं अख्खी, लगदा करून आणि रस काढून दिली. रस अख्ख्या फळाच्या अकरा पट वेगानं पोटात गेला, भूक कमी भागली, आणि रस प्यायल्यावर इन्सुलिन जास्त उसळून नंतर रक्तातली साखर अधिक खाली आली. दीर्घकाळच्या अभ्यासांत अख्खी फळं खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह कमी दिसतो आणि फळांचा रस रोज पिणाऱ्यांत थोडा जास्त.

पालक आणि बीट हे दोन्ही ऑक्झॅलेटनं भरलेले. मुठीएवढा पालक जेवणात खाल्ला तर काही बिघडत नाही. पेलाभर रसासाठी मात्र तीन-चार माणसांचा पालक लागतो. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यानं किंवा मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यानं हा रस टाळावाच. असे हिरवे रस भरपूर आणि रोज पिऊन मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे स्फटिक साचल्याचे रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. ज्यांना रस सोडवतच नाही त्यांनी तो दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर नेऊ नये, जेवणाबरोबर घ्यावा आणि कितीही प्याला तरी दिवसाच्या भाज्या-फळांच्या हिशेबात एकच वाटा धरावा. मिक्सरमध्ये न गाळता केलेलं पातळ मिश्रण त्यातल्या त्यात बरं. चोथा बारीक होतो, पण राहतो.

किती खायचं? जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण साधं आहे: दहा वर्षांवरच्या प्रत्येकानं दिवसाला किमान ४०० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलांनी ३५०, २ ते ५ वर्षांच्यांनी २५०. बटाटा आणि रताळ्यासारखे पिष्टमय कंद यात धरत नाहीत. ते धान्याच्या बाजूला. वजन निवडून, साल-बी-देठ काढून झाल्यावरचं. इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. केळ्याचं साधारण एक तृतीयांश वजन सालीत जातं. पालेभाजी शिजून इतकी आटते की ढीगभर पाला पाहून 'आज भरपूर झाली' असं वाटतं आणि माणशी ५० ग्रॅमसुद्धा येत नाही. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा तीनच दिवस वापरा, निवडलेल्या कच्च्या भाजीचं वजन करून माणशी भागा. मग डोळ्यांना सवय होते आणि काटा परत कपाटात जातो.

विभागणीही तितकीच महत्त्वाची. सगळी भाजी रात्रीच्या जेवणावर सोडली की एक दिवस उशीर झाला, कंटाळा आला, आणि दिवस कोरडा गेला. सकाळी साधारण १२० ग्रॅमचं एक फळ, दुपारी १०० ग्रॅम शिजवलेली भाजी आणि ६० ग्रॅम कच्ची, रात्री १२० ग्रॅम भाजी: झाले ४००. 'सुपरफूड' म्हणून विकल्या जाणाऱ्या फळांच्या मागे लागायची गरज नाही. आठवड्याभरात हिरवा पाला, कोबीच्या कुळातलं काहीतरी, केशरी-लाल रंगाचं काहीतरी, कांदा-लसूण आणि दोन-तीन प्रकारची फळं आली की पुरे. गोठवलेल्या भाज्याही चालतात. तोडल्यावर लगेच गोठवल्यामुळे त्यांतलं 'सी' जीवनसत्त्व चार दिवस पडून राहिलेल्या ताज्या भाजीपेक्षा बऱ्याचदा जास्त टिकलेलं असतं. डबाबंद भाजी मात्र पाण्यानं धुऊन घ्या, मीठ कमी होतं. सुकवलेली फळं एका वेळी ३० ग्रॅमच, कारण साखर घट्ट झालेली असते आणि दातांना चिकटते.

कच्ची की शिजवून, याला एकच उत्तर नाही. 'सी' जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात, म्हणून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून देणं ही सगळ्यात वाईट पद्धत. वाफवा, किंवा थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवा आणि ते पाणी भाजीतच मुरू द्या. टोमॅटो आणि गाजराचं उलट: उष्णतेनं पेशी फुटतात आणि लायकोपीन, कॅरोटीन मोकळं होतं. हे रंगद्रव्य शोषायला तेल लागतं. तेलाचा अंशही नसलेल्या कोशिंबिरीतून ते जवळजवळ शोषलं जात नाही, माणशी चमचाभर तेल किंवा मूठभर दाणे पुरतात. तुमच्या गाळलेल्या रसात तेही नाही, हे लक्षात आलं असेलच.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांची गंमत निराळी. त्यांतला सल्फोराफेन हा उपयोगी मानला जाणारा घटक मुळात तयार नसतो. चिरल्यावर पेशीतलं एक एन्झाइम दुसऱ्या घटकाला भेटतं तेव्हा तो तयार होतो. चिरून लगेच कढईत टाकलं की उष्णतेनं एन्झाइम मरतं आणि भेट होतच नाही. म्हणून आधी बारीक चिरा, अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, मग शिजवा. वेळ नसेल तर शिजल्यावर, खाली उतरवून, मोहरीची चिमूटभर पूड वरून टाका. तिच्यात तेच एन्झाइम असतं. लसूणही ठेचून दहा मिनिटं थांबून मगच तेलात टाकावा. हे सारे बारकावे आहेत, हौसेनं पाळावेत. वेळेअभावी भाजीच न करण्यापेक्षा कशीही केलेली भाजी केव्हाही बरी.

सुरुवात हळू करा, हे विशेषतः नवऱ्यासाठी. शंभरावरून एकदम चारशे ग्रॅमवर गेलं की पोट फुगतं, गॅस होतो, आणि माणूस 'मला भाजी पचत नाही' असा कायमचा निकाल लावून मोकळा होतो. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलायला वेळ लागतो. दर आठवड्याला रोजच्या प्रमाणात माणशी ८० ग्रॅम वाढवा आणि पाणीही वाढवा, नाहीतर चोथ्यानंच बद्धकोष्ठ होतं.

मुलांचा रस सोडवताना आग्रह करू नका. नवी चव स्वीकारायला बऱ्याच मुलांना आठ ते पंधरा वेळा ती चाखावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या नकाराला हात टेकतात. एकच भाजी घ्या, नखाएवढा तुकडा पानात ठेवा, खाल्ला तर वाहवा नाही, टाकला तर रागावणं नाही, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा ठेवा. भाजी संपवली की गोड, असा सौदा केला की भाजी ही शिक्षा असल्याचं मूल पक्कं शिकतं. जेवणाआधीच्या अर्ध्या तासात, भूक लागलेली असताना, कापलेली काकडी-गाजरं समोर ठेवा. इतर वेळी न खाणारी मुलंही तेव्हा खातात.

बहिणीकडे जाताना रसाची बाटली नेऊ नका. किमोथेरपी चालू असेल तर मधल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी खूप उतरतात आणि नीट न धुतलेला कच्चा पाला किंवा कच्चा रस संसर्गाचं कारण होऊ शकतो. अशा वेळी शिजवलेली भाजी आणि धुऊन सोललेली फळं जास्त सुरक्षित. कच्चं कधी खायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारा. धुताना वाहतं पाणी आणि हातानं चोळणं पुरतं, साबण नको. पाल्याची पानं सुटी करून दोन-तीनदा पाणी बदला. अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या उपचारांच्या काळात डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तिनं घेऊ नयेत. तोंड आलेलं असेल, मळमळत असेल तर चारशे ग्रॅमचा हिशेब बाजूला ठेवा. त्या काळात पोटात पुरेसं अन्न आणि प्रथिनं जाणं जास्त महत्त्वाचं असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. सख्ख्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाल्यामुळे तुमचा स्वतःचा धोका सरासरीपेक्षा जास्त धरला जातो, आणि तो भाजी वाढवून तपासणी टाळण्याइतका खाली येत नाही. मॅमोग्राफी कधीपासून आणि किती अंतरानं करायची, बहिणीची जनुकीय चाचणी झाली आहे का आणि तुमची करायची का, हे डॉक्टरांशी बोला. जाताना बहिणीचं निदान कोणत्या वयात झालं, दोन्ही स्तनांत आहे की एकाच, आणि आई-वडिलांकडच्या नात्यात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे लिहून न्या.